गोणीवरची चिठ्ठी

1 जानेवारी 2013 पासून देशात एक नियम लागू झाला. बंद पाकिटातल्या खाद्यपदार्थात जनुकीय बदल केलेलं काही असेल, तर पाकिटाच्या दर्शनी बाजूला सगळ्यात वर ‘जीएम’ ही दोन अक्षरं छापायची. हा नियम आरोग्य खात्याने केलेला नव्हता, शेती खात्याने तर नाहीच. ग्राहक व्यवहार खात्याने वजनमापांच्या कायद्याखाली तो जून 2012 मध्ये काढला. वजन, किंमत, पॅकिंगचा महिना यांच्या पंगतीत आणखी एक ओळ. मुंबईच्या मॉलमध्ये ती अक्षरं किती पाकिटांवर दिसली हा वेगळा विषय आहे. शहापूर तालुक्यातल्या डोळखांबमध्ये मात्र या नियमाला पाय ठेवायलाच जागा नव्हती. तिथल्या घरातला तांदूळ एक तर खाचरातला, नाही तर रेशनचा. आणि पाकीट दोन्हींना नाही.

जनुकीय अन्नाचा वाद भारतात दिल्लीच्या समित्यांत, न्यायालयांत, नागपूरच्या सभागृहात आणि अकोल्याच्या शेतात रंगला. डोळखांबचं नाव त्यात कुठे येत नाही. तरीही ‘आपल्या ताटात काय आहे हे आपल्याला कोण सांगणार’ या प्रश्नाचा इतिहास पाहायचा, तर शहापूर-मुरबाडच्या या पट्ट्यातून तो जास्त स्पष्ट दिसतो.

आसनगाव स्टेशनात उतरून पूर्वेला सह्याद्रीच्या दिशेने निघालं की डोळखांब लागतं. पुढे आजोबाचा डोंगर, त्याच्या माथ्यापलीकडे अकोले तालुका, दक्षिणेला मुरबाड. भातसा, तानसा आणि मोडकसागर ही मुंबईला पाणी पाजणारी धरणं याच शहापूर तालुक्यात. वस्ती कुणबी, महादेव कोळी, ठाकर, कातकरी, वारली अशी. सखल जागी भाताची खाचरं, वरकस जमिनीत नागली आणि वरई. पावसाळ्याआधी राब भाजायचा, रोपं काढायची, चिखलात आवणी करायची. भात कापून झालं की ओलीवर वाल-हरभरा, आणि जिथे पाणी आहे तिथे भाजी. गेल्या काही वर्षांत भेंडी हे इथलं नगदी पीक झालं आहे. इथली भेंडी मुंबईच्या बाजारात जाते, परदेशीही जाते.

1882 साली छापलेल्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये भाताची वाटणी हळवं आणि गरवं अशी दिली आहे. हळवं लवकर येणारं, थोड्या पाण्यावर भागणारं. गरवं उशिराचं, भरपूर पाणी मागणारं. आजही शेतकरी हेच शब्द वापरतो, फक्त मधे ‘निमगरवं’ घालतो. या दोन-तीन खणांत जव्हारपासून मुरबाडपर्यंत कितीतरी वाण बसत: कोळपी, महाडी, राजगुडा, ढवूळ, कोलमाचे प्रकार. कुठलं भात खडकाळ खाचरात तगतं, कशाची भाकरी चांगली होते, कशाची पेज बाळंतिणीला द्यायची, कशाचा पेंढा छपराला टिकतो, हे बाईला पाठ असे, कारण बियाणं तीच निवडून कणगीत ठेवायची. जो पेरतो तोच खातो अशा घरात धान्यावर चिठ्ठी लावायची गरज नव्हती.

चिठ्ठीची गरज पडते ती पेरणारा आणि खाणारा वेगळे झाल्यावर. आणि भारतात ‘हे नेमकं काय आहे ते डब्यावर लिहा’ असा पहिला मोठा झगडा झाला तो धान्यावरून झाला नाही, तुपावरून झाला.

1932 साली मुंबईत शिवडीला वनस्पती तुपाचा कारखाना सुरू झाला. द्रवरूप तेलातून हायड्रोजन वायू सोडायचा की ते थिजून तुपासारखं दिसू लागतं. 1937 पासून ते ‘डालडा’ या नावाने विकलं जाऊ लागलं. पिवळ्या डब्यावर माडाचं झाड आणि आत मुख्यतः शेंगदाण्याचं तेल, ही गंमत त्या काळात फारशी कोणाला खटकली नाही. खटकलं ते वेगळंच: व्यापारी ते साजूक तुपात मिसळू लागले आणि जिभेला फरक कळेना. गांधीजींनी ‘हरिजन’मधून वनस्पतीवर टीका केली. स्वातंत्र्यानंतर संसदेत त्यावर बंदी घालण्याचा प्रस्ताव आला. बंदी नको तर निदान रंग तरी घाला, म्हणजे तुपात मिसळलं की ओळखू येईल, अशी दुसरी मागणी होती. रंग शोधायला तज्ज्ञ बसले. पण तापवल्यावर टिकेल, रसायनाने उडवता येणार नाही आणि खायलाही निर्धोक असेल असा रंग काही हाती लागला नाही.

अखेर तोडगा निघाला तो मोठा हुशारीचा. 1947 च्या नियंत्रण आदेशापासून वनस्पती तुपात ठरावीक प्रमाणात तिळाचं तेल घालणं सक्तीचं झालं. हे प्रमाण पुढे पाच टक्के म्हणून रूढ झालं. तिळाच्या तेलात एक घटक असतो. फरफुराल आणि हायड्रोक्लोरिक आम्ल यांच्याशी तो भिडला की लालभडक रंग येतो. म्हणजे प्रयोगशाळेत तुपाचा नमुना तपासला आणि लाल झाला, की भेसळ पकडली. मात्र ही खूण सरकारच्या प्रयोगशाळेला वाचता येणारी होती. तूप घेणाऱ्या बाईला ती दिसत नव्हती. पुढे सत्तर-ऐंशी वर्षं भारतात अन्नावरच्या ज्या खुणा झाल्या, त्यातल्या बऱ्याचशांचं असंच होत आलं आहे.

या गोष्टीला एक पुरवणी आहे. विरोधकांपैकी अनेकांचे आक्षेप तेव्हा शास्त्राला धरून नव्हते. आंधळेपणा येतो, वंश खुंटतो, असंही बोललं जाई. ते सिद्ध झालं नाही. पण अर्धवट हायड्रोजन दिलेल्या तेलातली ट्रान्स मेदाम्लं हृदयाला घातक असतात हे विसाव्या शतकाच्या शेवटी शास्त्रानेच सांगितलं, आणि भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाने जानेवारी 2022 पासून तेला-तुपातल्या या मेदाम्लांवर दोन टक्क्यांची मर्यादा घातली. शिवडीचा कारखाना सुरू झाल्यापासून नव्वद वर्षांनी. ‘सुरक्षित’ हा शिक्का कायमचा नसतो एवढं यावरून निश्चित म्हणता येतं. जनुकीय अन्नही उद्या घातक ठरेल असं मात्र यावरून सिद्ध होत नाही. विरोधक हा दाखला देताना दुसरं वाक्य गाळतात, आणि समर्थक पहिलं.

दुसरा धक्का बाहेरच्या धान्याचा. ऑगस्ट 1956 मध्ये अमेरिकेशी धान्य-मदतीचा पीएल-480 करार झाला आणि साठच्या दशकात जहाजं भरभरून गहू येऊ लागला. पाठोपाठ 1972 चा दुष्काळ आला आणि रेशनवर लाल ज्वारी आली, ‘मिलो’. त्या पिढीतल्या माणसाला मिलोचं नाव काढलं तरी तोंड वाकडं होतं. याच धान्यातून गाजरगवत आलं, म्हणून ते ‘काँग्रेस गवत’, ही समजूत महाराष्ट्रभर घट्ट आहे. तारखा पाहिल्या तर ती अडखळते: पुण्यात या गवताची नोंद 1955 च्या सुमाराची आहे, म्हणजे कराराच्या आधीची. त्याआधीही अमेरिकेतून गहू येतच होता, त्यामुळे गवताची वाट तीच असेलही. पण ‘पीएल-480 ने गवत आणलं’ हे ठामपणे म्हणण्याइतका पुरावा तारखा देत नाहीत. तरी लोकांनी जे ओळखलं होतं ते खोटं नव्हतं. धान्यासोबत काय काय येतंय हे देणारा सांगत नाही आणि घेणाऱ्याला विचारायची सोय नाही.

याच काळात भाताचं बियाणंही बदललं. आयआर-8, जया, रत्ना आले. मग कर्जतच्या भात संशोधन केंद्राने कोकणाला मानवतील असे ‘कर्जत’ मालिकेतले वाण दिले, पुढे ‘सह्याद्री’ हा संकरित भातही दिला. दापोलीच्या कृषी विद्यापीठाचं हे केंद्र. शहापूर-मुरबाडच्या खाचरांत आज त्यांचंच राज्य आहे. इथे एक फरक लक्षात घेण्यासारखा आहे. बियाण्याच्या पिशवीला 1966 च्या बियाणे कायद्याने चिठ्ठी लागली: पैदासकार बियाण्याला सोनेरी पिवळी, पायाभूतला पांढरी, प्रमाणितला निळी. शेतकरी दुकानात पिशवी उलटीपालटी करून ती पाहतो, उगवणीचा टक्का वाचतो, भरवशाच्या माणसाला विचारतो. पेरणाऱ्याला चिठ्ठी मिळाली. त्याच बियाण्यातून निघालेला दाणा गिरणीतून बाहेर पडला की मात्र चिठ्ठी संपते.

जनुकीय बियाण्याची गोष्ट महाराष्ट्रात जालन्यापासून सुरू होते, आणि तिच्या मुळाशी भेंडी आहे हे शहापूरकरांना आवडावं. बद्रीनारायण बारवाले या तरुण शेतकऱ्याने 1959-60 च्या सुमारास दिल्लीतल्या जागतिक कृषी प्रदर्शनातून ‘पुसा सावनी’ या भेंडीचं बी मिळवलं. पानांच्या शिरा पिवळ्या पाडणाऱ्या रोगाला ती भेंडी दाद देत नसे. त्या बियाण्यावर त्यांचा धंदा उभा राहिला आणि 1964 मध्ये महाराष्ट्र हायब्रिड सीड्स कंपनी, म्हणजे महिको, स्थापन झाली. 1998 साली बारवाल्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी मोन्सॅन्टो या अमेरिकी कंपनीने महिकोत 26 टक्के हिस्सा घेतला आणि बीटी कापसाच्या शेतातल्या चाचण्यांवरून कर्नाटकात प्रा. नंजुंडस्वामींच्या रयत संघाने उभी पिकं जाळली.

बीटी म्हणजे मातीत सापडणारा एक जिवाणू, बॅसिलस थुरिंजिएन्सिस. त्याचं एक प्रथिन अळीच्या अल्कलीयुक्त आतड्यात विरघळतं, तिथल्या पेशींना चिकटतं आणि आतडं फोडतं. माणसाच्या पोटात आम्ल असतं आणि त्या प्रथिनाला चिकटायला जागाही नसते, म्हणून माणसाला धोका नाही, हा समर्थकांचा मुख्य युक्तिवाद. 26 मार्च 2002 रोजी केंद्राच्या जनुकीय अभियांत्रिकी मान्यता समितीने बीटी कापसाला परवानगी दिली. विदर्भ-मराठवाड्यात दहा वर्षांच्या आत जवळजवळ सगळा कापूस बीटी झाला.

कापूस कोणी खात नाही, असं तेव्हा म्हटलं गेलं. पण सरकी खाल्ली जाते. सरकीची पेंड म्हशीला, सरकीचं तेल फरसाणाच्या कढईत. भारतात दरवर्षी दहा लाख टनांहून जास्त सरकीचं तेल निघतं, आणि ते जवळपास सगळं बीटी कापसाचं. जनुकीय पीक भारताच्या ताटात यावं की नाही यावर देशभर सभा भरल्या, तेव्हा त्याचं तेल आठ वर्षं चिवड्यात होतं. तेल शुद्ध करताना प्रथिनं आणि डीएनए बहुतेक निघून जातात, म्हणून धोक्याचा मुद्दा इथे लंगडाच आहे. पण कळण्याचा मुद्दा लंगडा नाही. खाणाऱ्याला हे कोणी सांगितलं नव्हतं.

2002 मध्येच आणखी एक प्रकरण झालं, ते आदिवासी भागांच्या जास्त जवळचं. परदेशी मदत संस्था भारतात बालकांच्या पोषणासाठी अमेरिकेतून मका-सोयाचं पीठ आणत. अमेरिकेत 2000 साली ‘स्टारलिंक’ नावाचा मका गाजला होता. तो फक्त जनावरांच्या खाण्यासाठी मंजूर असताना माणसांच्या खाण्यात सापडला होता. त्याचा अंश या पिठात नाही याची खात्री मागितली गेली, ती मिळाली नाही, आणि भारताने पिठाची ती खेप नाकारली. दहाच वर्षांपूर्वी, 1992-93 मध्ये, तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या जव्हारजवळच्या वावर-वांगणीत बालमृत्यूंनी राज्य हादरलं होतं. अंगणवाडीतला आहार हा या पट्ट्यात जिवाचा प्रश्न आहे. म्हणून फुकट मिळणाऱ्या पिठाबद्दलही ‘यात काय आहे’ हे विचारणं सरकारला गैर वाटलं नाही, ही नोंद पुढच्या गोष्टीसाठी ध्यानात ठेवायला हवी.

मग वांगं आलं. शेंडा आणि फळ पोखरणाऱ्या अळीमुळे वांग्याला सारखी औषधं मारावी लागतात; महिकोने कापसातलंच बीटी तंत्र वांग्यात आणलं. 14 ऑक्टोबर 2009 रोजी त्याच मान्यता समितीने बीटी वांग्याला हिरवा कंदील दाखवला. पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी अंतिम निर्णय राखून ठेवला आणि जानेवारी-फेब्रुवारी 2010 मध्ये सात शहरांत जाहीर सुनावण्या घेतल्या. महाराष्ट्रात त्यासाठी नागपूर निवडलं गेलं. सातही ठिकाणी मिळून आठ हजारांच्या आसपास माणसं आली. मंत्र्यांसमोर आरडाओरड झाली, घोषणा झाल्या, वांग्यांच्या माळाही दिसल्या. 9 फेब्रुवारी 2010 ला रमेश यांनी बीटी वांग्याला स्थगिती दिली. स्वतंत्र संस्थांकडून पुरेशा चाचण्या झालेल्या नाहीत, राज्य सरकारं राजी नाहीत, आणि वांगं मुळात या भूमीतलं, त्याचे शेकडो वाण इथे आहेत, ही त्यांची कारणं. तेव्हा शरद पवार कृषिमंत्री होते आणि त्यांचा कल तंत्रज्ञानाच्या बाजूने होता. एकाच मंत्रिमंडळात दोन मतं उघड दिसत होती. बांगलादेशाने तेच वांगं 2013 मध्ये मंजूर केलं.

शेतकरी एका बाजूला आणि कंपनी दुसऱ्या बाजूला, असं या वादाचं चित्र रंगवायला सोपं आहे. पण महाराष्ट्रात ते तसं नव्हतं. शरद जोशींची शेतकरी संघटना सुरुवातीपासून तंत्रज्ञान निवडायचं स्वातंत्र्य मागत आली. 10 जून 2019 रोजी तिच्या कार्यकर्त्यांनी अकोला जिल्ह्यात अकोली जहागीर इथे बंदी असलेलं तणनाशक-सहनशील कापसाचं बी जाहीरपणे लावलं आणि त्याला सविनय कायदेभंग म्हटलं. गांधींचं हत्यार दोन्ही बाजूंनी चालवलं गेलं.

भाताचं काय? 2006 च्या ऑक्टोबरमध्ये हरियाणातल्या कर्नालजवळ महिकोच्या बीटी भाताच्या चाचणीचं शेत भारतीय किसान युनियनच्या लोकांनी पेटवलं. त्याच वर्षी अमेरिकेच्या लांब दाण्याच्या तांदळात नामंजूर जनुकीय भाताचा अंश सापडल्याने तिथली निर्यात कोसळली होती, म्हणून इकडच्या तांदूळ निर्यातदारांनीही बीटी भाताला विरोध केला. व्यापाऱ्यांना पर्यावरणवादी व्हायला एवढं पुरेसं झालं. महाराष्ट्राने अनिल काकोडकरांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, आणि 2015 च्या सुरुवातीला काही जनुकीय पिकांच्या चाचण्यांना ना-हरकत दिली. त्यात भातही होतं. प्रत्यक्षात आजवर भारतात एकही जनुकीय भात लागवडीला मंजूर झालेला नाही. तरी 2021 मध्ये फ्रान्सने भारतातून गेलेल्या सुमारे 500 टन कणीच्या पिठात जनुकीय भाताचा अंश सापडल्याचं कळवलं आणि युरोपातल्या अनेक देशांत त्या पिठाची मिठाई परत मागवावी लागली. भारताच्या वाणिज्य मंत्रालयाने आरोप फेटाळला. तिथल्या मुलांच्या खाऊत काय आहे ते शोधायला यंत्रणा होती, एवढं मात्र दिसलं.

इथे तशी यंत्रणा कागदावर होती. 2006 च्या अन्न सुरक्षा कायद्याच्या 22 व्या कलमाने जनुकीय अन्न नियमांशिवाय विकायला मनाई केली; नियम मात्र आले नाहीत. 2018 मध्ये दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंटने बाजारातले 65 पदार्थ तपासले. 32 टक्क्यांत जनुकीय अंश निघाला. त्यातले बहुतेक आयात केलेले होते आणि देशी मालात सरकीचं तेल होतं. सहा वर्षांपूर्वीची ‘जीएम’ ही दोन अक्षरं कोणी मनावर घेतली नव्हती. नोव्हेंबर 2021 मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने नियमांचा मसुदा काढला: एक टक्का किंवा जास्त जनुकीय घटक असेल तर लेबलवर लिहा. युरोपात हीच मर्यादा 0.9 टक्के आहे, अमेरिकेत पाच. मसुदा 2022 मध्ये सुधारून पुन्हा आला. त्याच 2021 च्या ऑगस्टमध्ये सोयाबीनचे भाव चढले म्हणून कोंबड्यांच्या खाद्यासाठी 12 लाख टन जनुकीय सोयापेंड आयात करायला केंद्राने परवानगी दिली. बंदरांपैकी त्यासाठी न्हावा शेवा निवडलं गेलं. पेंड जिवंत नसते, ती उगवत नाही, म्हणून हरकत नाही, असा निर्वाळा होता. कोंबडीवर आणि अंड्यावर चिठ्ठी लावायचा प्रश्नच आला नाही.

आता पुन्हा डोळखांबच्या रेशन दुकानाकडे, कारण 15 ऑगस्ट 2021 रोजी पंतप्रधानांनी लाल किल्ल्यावरून जाहीर केलं की 2024 पर्यंत सरकारी योजनांतला सगळा तांदूळ पोषणमूल्य वाढवलेला असेल. हा तांदूळ जनुकीय नव्हे, हे आधीच स्पष्ट करायला हवं. तांदळाचं पीठ करायचं, त्यात लोह, फॉलिक आम्ल आणि बी-12 मिसळायचं, यंत्रातून पुन्हा दाण्याच्या आकारात काढायचं, आणि असे दाणे साध्या तांदळात शंभराला एक या प्रमाणात मिसळायचे. शहापूर-मुरबाडकडे आदिवासी विकास महामंडळ आधारभूत दराने भात खरेदी करतं, ते गिरण्यांत भरडाईला जातं, तिथेच हे दाणे मिसळायचे आणि तांदूळ रेशनला. म्हणजे इथल्या खाचरातलं भात घाट न चढताही अनोळखी होऊन परत येऊ शकतं.

हा तांदूळ सुपात पाखडला की हे दाणे ओळखू येतात. रंगाला किंचित पिवळट किंवा मळकट पांढरे, कडा जरा जास्तच नीटस, पोटाशी पांढरा ठिपका नाही. धुताना काही पाण्यावर तरंगतात. भाताशी जन्म गेलेल्या बाईच्या नजरेतून असा दाणा सुटणं शक्य नाही. तिने तो वेचून बाजूला काढला आणि म्हटलं, प्लॅस्टिकचा तांदूळ. राज्यात ठिकठिकाणी हेच झालं. अधिकाऱ्यांना गावोगाव ‘हे प्लॅस्टिक नाही’ असं सांगत फिरावं लागलं. शिक्षित लोक या अफवेला हसले. पण ज्या पिढीने मिलो खाल्ला, तिच्या सुनेला शंभरातला एक दाणा परका वाटला आणि तो काय आहे हे कोणी सांगितलं नाही, तर ती दुसरं काय म्हणणार होती?

गोणीवर मात्र सगळं छापलेलं होतं. निळं ‘प्लस एफ’ चिन्ह आणि त्याखाली इशारा: थॅलेसेमियाच्या रुग्णांनी वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावं, सिकलसेलच्या रुग्णांनी लोहयुक्त अन्न घेऊ नये. अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या 2018 च्या नियमांनी हा इशारा बंधनकारक होता. सिकलसेल हा महाराष्ट्रात मुख्यतः आदिवासींना छळणारा आजार, आणि रेशनचा तांदूळ सर्वांत जास्त खाणारे तेच. गोणी पन्नास किलोची. ती दुकानदार उघडतो, तांदूळ मापून पिशवीत ओततो, गोणी दुकानात राहते. 2023 मध्ये या इशाऱ्याची अंमलबजावणी व्हावी म्हणून सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल झाली. त्यानंतर केंद्राने तज्ज्ञ समिती नेमली, समितीने धोक्याचा पुरेसा पुरावा नाही असं सांगितलं आणि जुलै 2024 मध्ये इशारा छापण्याची अटच काढून टाकण्यात आली. समितीचं शास्त्र बरोबर असेलही. पण न वाचता आलेला इशारा वाचता येईल असा करण्याऐवजी तो पुसणं, हा मार्ग सोयीचा होता असं म्हणणं भाग आहे.

पुढचा टप्पा दारात आहे. मार्च 2022 मध्ये केंद्राने परक्या जनुकाशिवाय केलेल्या जनुक-संपादनाला जनुकीय पिकांच्या कडक नियमांतून वगळलं, आणि 4 मे 2025 रोजी अशा दोन भातांची घोषणा झाली: हैदराबादच्या भात संशोधन संस्थेचा ‘कमला’, सांबा मसुरीपासून केलेला, आणि दिल्लीच्या पुसा कृषी संशोधन संस्थेचा ‘डीएसटी राइस-1’. कमला जवळपास वीस दिवस लवकर येतो आणि जास्त पिकतो, असा संस्थेचा दावा आहे. खरा ठरला तर मुरबाडचा शेतकरी तो आनंदाने घेईल, आणि घ्यावाही. उशिराच्या पावसात वीस दिवस म्हणजे एक पीक वाचतं. डोंगरापलीकडे अकोले तालुक्यात कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे देशी बियाणं जपतात, त्यासाठी त्यांना पद्मश्री मिळाली. दोन्ही बाजूंना जागा आहे, पण कुठल्या गोणीत काय आहे हे कळलं तरच. कमलाच्या बियाण्याच्या पिशवीवर नाव असेल. त्याच्या तांदळावर काही लिहायची अट आजच्या नियमांत नाही.

पाकिटावरच्या अक्षरांची लढाई शहरी ग्राहकाने लढावी, ती गरजेचीच आहे. डोळखांबला मात्र वेगळी चिठ्ठी हवी आणि तिच्यासाठी नवा कायदा लागत नाही. रेशन दुकानात साठा, दर आणि धान्याचा नमुना दिसेल असा फलक लावणं सार्वजनिक वितरण व्यवस्थेच्या 2015 च्या नियंत्रण आदेशानेच बंधनकारक आहे. शहापूर तालुका अनुसूचित क्षेत्रात आहे, इथल्या ग्रामसभेला पेसा कायद्याने अधिकार आहेत, आणि गावपातळीवर दक्षता समिती असायलाच हवी. त्या समितीने पुढच्या ग्रामसभेत एवढंच मागावं: फलकावर मराठीत आणखी दोन ओळी. या तांदळात कोणते दाणे मिसळले आहेत, आणि सिकलसेल किंवा थॅलेसेमिया असलेल्याने प्राथमिक आरोग्य केंद्रात कोणाला विचारायचं. खडू आणि पाटी दुकानात असतेच.